पियानोवादनाबद्दल मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मैफल संपल्यावर, वर्गानंतर, पत्रांमधून तेच तेच प्रश्न येतात. घाईत दिलेल्या अर्ध्यामुर्ध्या उत्तरानं माझंच समाधान होत नाही, म्हणून इथे सवडीनं लिहिते आहे. काही उत्तरं लांबली आहेत. त्या गोष्टी तशाच आहेत.

इतक्या वेगानं बोटं चालतात तरी कशी?

ग्रँड पियानोची पट्टी दाबली की जेमतेम 10 मिलिमीटर खाली जाते, आणि ती हलायला साधारण 50 ग्रॅम वजन पुरतं. एवढा जोर लहान मुलाच्या करंगळीतही असतो. तेव्हा वेगासाठी बोटांत ताकद आणावी लागते ही समजूत मुळातच चुकीची. वेग अडतो तो सोडण्यापाशी. पट्टी वाजून झाल्यावर ते बोट, मनगट, कोपर त्याच क्षणी सैल झालं नाही, तर पुढचं बोट त्या ताणाविरुद्ध उठतं आणि वीस-पंचवीस सुरांत हाताचा दगड होतो.

एकोणिसाव्या शतकातला रचनाकार शोपँ याच्या ओपस 10 (ओपस म्हणजे रचनेचा किंवा संग्रहाचा क्रमांक) मधला दुसरा एट्यूड, म्हणजे एखाद्या तंत्रावरची सरावरचना, घ्या. उजव्या हाताचं मधलं बोट, अनामिका आणि करंगळी ही तीनच बोटं पानंच्या पानं क्रोमॅटिक स्केल (काळी-पांढरी एकही पट्टी न गाळता क्रमानं जाणारे सूर) वाजवत राहतात. एरवी स्केलमध्ये अंगठा मदतीला येतो. इथे तो आणि तर्जनी खाली छोट्या कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) वाजवण्यात गुंतलेले. त्यामुळे मधलं बोट करंगळीवरून ओलांडत न्यावं लागतं. पहिला महिनाभर मी दुसऱ्या पानापर्यंत पोचायचे आणि हात भरून यायचा. मी त्या तीन बोटांनाच दोष देत राहिले. खरा घोळ अंगठ्याचा होता. कॉर्ड वाजून गेली तरी तो पट्टीला चिकटून बसायचा आणि सगळा पंजा आवळून धरायचा. शोपँनं त्या कॉर्ड अगदी तोकड्या लिहिल्या आहेत, प्रत्येकीपुढे विराम आहे. माझ्या डोळ्यांसमोरची ती सूचना मी वाचलीच नव्हती. अंगठा वेळेवर सुटायला लागला आणि पंधरा दिवसांत एट्यूड शेवटापर्यंत जायला लागला.

मग तंत्र म्हणायचं तरी कशाला?

पियानोचा सूर जन्मतो त्या क्षणापासून विरायला लागतो. गायक श्वासावर सूर फुलवतो, व्हायोलिनवादक गजाच्या ओढीनं तो वाढवतो. आमच्याकडे हातोडी तारेवर आपटून मागे आली की त्या सुराचं पुढे काय होईल ते आमच्या हाती राहत नाही. तो फक्त लहान होत जाणार. आणि अशा वाद्यावर शोपँचा नॉक्टर्न, ती संथ गाण्यासारखी रचना, गायचा असतो! माझ्या लेखी सगळं तंत्र या एकाच अडचणीवरचा उपाय आहे.

उपाय कानापासून सुरू होतो. दुसरा सूर वाजवायचा तो पहिला विरत विरत जिथवर आला असेल तिथून, त्याच्या मूळ आवाजाइतका मोठा नाही. मग ते दोन सूर जोडलेले वाटतात. पण पहिल्याचा शेवट ऐकलाच नसेल तर दुसऱ्याची सुरुवात कशी ठरवणार? माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी मोठ्या रचना वाजवणाऱ्यालाही, मी पहिल्या दिवशी एकच पट्टी वाजवायला सांगते आणि आवाज पूर्ण संपेपर्यंत ऐकायला लावते. खालच्या सप्तकातला सूर अर्ध्या मिनिटाच्या आसपास ऐकू येत राहतो, वरचा भुर्रकन जातो. बरेच जण मध्येच हात उचलतात, त्यांना वाटतं सूर संपला. तो संपलेला नसतो.

एकाच सुराचा रंग स्पर्शानं बदलतो का?

यावर भांडणं होतात. यंत्र काय करतं ते आधी सांगते. तारेला लागण्याच्या जरा आधी हातोडी पट्टीपासून सुटते आणि शेवटचा टप्पा मोकळी जाते. 1700 च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्टोफोरीनं पियानो घडवला, त्यात हीच युक्ती होती. नाहीतर हातोडी तारेवर दबून राहिली असती आणि आवाज तिथेच मेला असता. तेव्हा हातोडी सुटल्यावर तुम्ही पट्टीवर बोट कितीही भावपूर्ण घासलंत तरी तारेला ते कळत नाही. तारेला कळतो तो हातोडीचा वेग.

पण संगीतात सुटा सूर असतोच कुठे? चार सुरांच्या कॉर्डमध्ये करंगळीचा सूर किंचित जास्त आणि मधले दोन किंचित कमी ठेवले, की तीच कॉर्ड उजळते. मधला एखादा सूर वर काढला तर गडद होते. त्यात सूर येण्याची वेळ, पेडलची खोली, आधीच्या सुरांचा उरलेला आवाज मिसळला की रंगांना तोटा नाही. आणि मऊ आवाज हवा असताना हात मऊ ठेवायचा हे खरंच उपयोगाचं आहे, कारण मऊ हाताला हातोडीचा वेग बारकाईनं ठरवता येतो.

पेडल कधी दाबायचं?

मला विचाराल तर खरा प्रश्न कधी सोडायचं हा आहे. उजवं पेडल सगळ्या तारांवरचे डॅम्पर, म्हणजे आवाज थांबवणाऱ्या गाद्या, एकदम उचलतं, त्यामुळे न वाजवलेल्या ताराही गुंजायला लागतात. नवशिके पेडल सुराबरोबर दाबतात. आम्ही बहुतेक वेळा सूर वाजल्यावर, त्याच्या पाठोपाठ दाबतो, म्हणजे आधीचा सूर स्वच्छ पुसला जातो. पाऊण, अर्धं, पाव पेडल, पाय नुसता थरथरवणं हे सगळं कानानंच ठरतं आणि प्रत्येक सभागृहात बदलतं. म्हणूनच मी स्वरलिपीत पेडलच्या खुणा शाईनं कधीच करत नाही. डाव्या पेडलनं ग्रँड पियानोचा सगळा पट्टीफलक जरासा बाजूला सरकतो आणि तीन तारांच्या सुरात हातोडी दोनच तारांना लागते. मधलं पेडल त्या क्षणी वर असलेले डॅम्पर तेवढे धरून ठेवतं.

माझा पंजा लहान आहे. मला जमेल का?

माझाही लहान आहे. जोर लावून अंगठ्यापासून नववी पांढरी पट्टी गाठते, दहावी नाही. रशियन वादक-रचनाकार राखमानिनॉव्हच्या भल्यामोठ्या हाताच्या गोष्टी ऐकून कोवळ्या वयात मी रडलेही आहे. पण योझेफ हॉफमनसारख्या बलाढ्य वादकाचा हात लहान होता, त्याच्यासाठी स्टाइनवेनं अरुंद पट्ट्यांचे पियानो करून दिले होते. आलिसिया द लारोचाचा हातही लहानच, आणि आल्बेनिझची ‘इबेरिया’ तिच्यासारखी कुणी वाजवली? मोठी कॉर्ड एकदम पकडता येत नसेल तर ती खालून वर उलगडत वाजवता येते, मधला सूर दुसऱ्या हाताला देता येतो. कुठला सूर गाळला तर कानाला कळणार नाही हे ओळखणं हीसुद्धा कला आहे. मात्र हात ताणून मोठा करण्याच्या फंदात पडू नका. रचनाकार शूमानच्या उजव्या हाताची बोटं कायमची अधू झाली (नेमकं कारण आजही वादात आहे) आणि वादक होण्याचं त्याचं स्वप्न तिथेच संपलं.

आता कमी रुंदीच्या पट्ट्यांचे फलक पुन्हा बनू लागले आहेत. नेहमीचं सप्तक सुमारे 165 मिलिमीटरचं असतं. ते सगळ्यांच्या हाताला बसलंच पाहिजे असा नियम कुणी केला, हा प्रश्न आमच्या पिढीनं फार उशिरा विचारला.

रोज किती तास रियाज करता?

चार. मैफलीच्या आधी पाच, त्याहून जास्त नाही. शोपँ आपल्या शिष्यांना तीन तासांहून जास्त वाजवू नका म्हणून बजावत असे, आणि जसजशी वर्षं जातात तसतसं मला त्याचं पटत चाललं आहे. लक्ष उडाल्यावर वाजवलेला प्रत्येक तास चुका पक्क्या करण्यात जातो.

सावकाश वाजवणं मात्र चुकवू नका. पियानोवादक एब्रॅम चेसिन्स एकदा राखमानिनॉव्हकडे गेला, तेव्हा आतून पियानोचा आवाज येत होता आणि लय इतकी संथ होती की रचना कुठली ते बराच वेळ त्याला कळेना. तो शोपँचा थर्ड्‌सचा एट्यूड होता (एक पट्टी सोडून दोन सूर जोडीनं वाजवायचे), ओपस 25 मधला सहावा. जगातल्या सगळ्यात चपळ हातांपैकी एक हात एकेका सुराची वाट बघत बसला होता.

स्केल आणि हॅननचे व्यायाम करावेत का?

स्केल जरूर. फक्त सी मेजरनं सुरुवात करू नका. शोपँ बी मेजर आधी शिकवायचा, कारण त्यात लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर पडतात, अंगठा आणि करंगळी पांढऱ्यांवर, आणि पंजा आपला आपण नीट बसतो. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सी मेजर वाचायला सोपं, हाताला अवघड. हॅननच्या पुस्तकातले बोटांचे 60 व्यायाम मी लहानपणी खूप वाजवले, आज कुणाला देत नाही. त्यात ऐकण्यासारखं काही नाही, त्यामुळे कान झोपतो.

वाजवताना हात दुखतो. सराव वाढवल्यावर जाईल का?

नाही. आज थांबा.

हे मी जीव तोडून सांगते आहे, कारण मी थांबले नव्हते. तेविसाव्या वर्षी लिस्टच्या बी मायनर सोनाटातले ऑक्टेव्ह (सप्तकाच्या दोन टोकांचे सूर एकाच हातानं एकदम) बसवत होते. कोपराखाली जळजळ व्हायची, ती मेहनतीची खूण आहे असं मला शिकवलं गेलं होतं. दोन महिन्यांनी सकाळी दाराची कडी सरकवता येईना. पुढचे पाच महिने पियानोचं झाकण बंद. त्या काळात एक डॉक्टर आणि एक वयस्क शिक्षिका यांनी मला बसायचं कसं, कोपर कुठे ठेवायचं, ऑक्टेव्हमध्ये मनगट कसं झुलू द्यायचं हे मुळापासून शिकवलं. त्या शिक्षिकेचं म्हणणं साधं होतं: दुखणं म्हणजे हात बोलतोय, त्याचं ऐक.

पियानोवादक लिऑन फ्लायशरची कहाणी सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत हवी. 1960 च्या दशकात, ऐन बहरात, त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप वळायला लागली. पुढे त्याला फोकल डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडण्याचा विकार) हे नाव मिळालं. जवळजवळ तीस वर्षं तो फक्त डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिला, शिकवत राहिला, आणि उपचारांनंतर दोन्ही हातांनी परतला. डाव्या हातासाठी इतकं संगीत आहे यामागेही एक जखम आहे: पियानोवादक पॉल विटगेनश्टाइननं पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला आणि संगीतकारांकडून कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचना) लिहून घेतले. राव्हेलचा तो अजोड कॉन्चेर्टो त्यातलाच.

सगळ्यात अवघड रचना कोणती?

लोकांना राखमानिनॉव्हचा तिसरा कॉन्चेर्टो हे उत्तर हवं असतं. अवघड आहेच. 1909 साली न्यू यॉर्कमधल्या पहिल्या प्रयोगासाठी राखमानिनॉव्ह स्वतः बोटीवर मुक्या पट्टीफलकावर सराव करत गेला होता. ज्या हॉफमनला तो अर्पण केला त्यानं तो कधी वाजवलाच नाही. राव्हेलचा ‘स्कार्बो’ही घ्या. बालाकिरेव्हच्या ‘इस्लामेय’हून अवघड काही लिहायचं असं ठरवूनच त्यानं तो 1908 मध्ये लिहिला. सुरुवातीलाच एकच सूर इतक्या झपाट्यानं पुन्हा पुन्हा येतो की 1821 मध्ये पियानो बनवणाऱ्या एरारनं पट्टी पूर्ण वर न येता हातोडी पुन्हा उडवणारी यंत्रणा केली नसती, तर ते वाजलंच नसतं.

पण माझी छाती सगळ्यात जास्त धडधडते ती बेथोव्हेनच्या चौथ्या कॉन्चेर्टोच्या आरंभी. ऑर्केस्ट्रा गप्प. पियानो एकटा, पाचच मापं (तालाची आवर्तनं), हळू आणि गोड, जी मेजरची एक भरगच्च कॉर्ड. कुठल्याही हौशी विद्यार्थ्याला ती वाजवता येईल. हात आधीच पट्ट्यांवर टेकवून ठेवावे लागतात, कारण वरून आलात तर टक्‌ असा आवाज येणार. फार जपलंत तर मधला एखादा सूर वाजतच नाही, पट्टी नुसती खाली जाते. बोटाला पट्टीच्या तळाआधी एक बारीकसा अडसर जाणवतो, तिथे हातोडी सुटते. तो अडसर सगळ्या बोटांनी एकदम ओलांडायचा आणि वरचा सूर केसभर पुढे ठेवायचा. पाठीमागे सगळा वाद्यवृंद श्वास रोखून बसलेला असतो. लपायला जागा नाही.

नव्या विद्यार्थ्यानं कोणत्या रचनांपासून पाया घालावा?

बाख, आणि मग बाख. 1722 च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’च्या पहिल्या भागात सर्व 24 मेजर-मायनर स्केलमध्ये प्रिल्यूड आणि फ्यूग आहेत. दुसरा भाग वीसेक वर्षांनी आला. फ्यूगमध्ये तीन-चार आवाज दोन हातांत स्वतंत्रपणे चालवावे लागतात. तिथे एका हातात दोन माणसं बोलायला शिकतात. त्याआधी दोन आणि तीन आवाजांची इन्व्हेन्शन्स, म्हणजे बाखच्याच छोट्या रचना. बेथोव्हेनचे 32 सोनाटा जन्मभराचं काम आहे. त्यातला शेवटचा, ओपस 111, सोळाव्या वर्षी वाजवू नका असं मी म्हणणार नाही, पण तो पुन्हा तिसाव्या आणि पन्नासाव्या वर्षी वाजवायचा आहे हे ध्यानात ठेवा.

मोत्सार्टला सोपं समजू नका. सूर इतके कमी की एक जरी सुरकुतला तरी दिसतो.

आणि पुस्तक घेताना मूळ हस्तलिखितं व पहिल्या छपाया ताडून केलेली आवृत्ती घ्या. शोपँ एकाच वेळी फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंडमध्ये छापला जात होता आणि तिन्हीकडे सूर वेगळे निघत. त्यातला कुठला ‘बरोबर’ हे ठरवण्यात मी आनंदानं संध्याकाळी घालवल्या आहेत.

मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, वापरावा का?

तपासायला वापरा, वाजवायला नको. बेथोव्हेननं आपल्या सोनाटांपैकी फक्त ओपस 106 ला मेट्रोनोमचे आकडे दिले, आणि पहिल्या भागाचा त्याचा मिनिटाला 138 ठोके हा आकडा गाठायचा की नाही यावर आजतागायत एकमत नाही.

इतरांची रेकॉर्डिंग्ज ऐकून शिकावं का?

रचना आधी स्वरलिपीतून वाचा, स्वतःचं काही मत होऊ द्या, मग ऐका आणि भरपूर ऐका. एकाचंच ऐकलंत तर त्याच्या सवयी रचनेचाच भाग वाटायला लागतात. पियानोवादक ग्लेन गुल्डची बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची 1955 ची आणि 1981 ची ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका. माणूस तोच, सूर तेच, आणि सुरुवातीच्या आरियापासूनच दोन वेगळी जगं. राखमानिनॉव्हनं स्वतःचा तिसरा कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित करताना त्यातले तुकडे चक्क गाळले आहेत. रचनाकाराचा शब्दही शेवटचा नसतो.

एवढं सगळं पाठ कसं राहतं? मंचावर विसरलात तर?

बोटांची आठवण सगळ्यात आधी येते आणि सगळ्यात आधी दगा देते. ती सवयीवर चालते. मंचावर एक विचार मनात आला की साखळी तुटते. माझी तुटली आहे. बाखच्या एका फ्यूगमध्ये मधल्या आवाजाची सुरावट येते तिथे मी दुसऱ्याच वळणाला लागले आणि पुन्हा पहिल्या पानावर जाऊन पोचले. दोन वेळा. तिसऱ्यांदा कशीबशी शेवटाला उडी मारली. त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक रचनेत ठाणी ठरवते, दर पंधरा-वीस मापांवर एक, आणि कुठल्याही ठाण्यापासून, डोळे मिटून, एकाच हातानं सुरुवात करता आली पाहिजे असा नियम पाळते. पियानोपासून दूर, खुर्चीत बसून मनात सगळी रचना वाजवते. जिथे सूर धूसर होतात तिथेच मंचावर घसरायला होणार हे नक्की. स्वरलिपी समोर ठेवून वाजवण्यात कमीपणा मुळीच नाही. न बघता वाजवण्याची चाल क्लारा शूमान आणि लिस्ट यांच्या पिढीनं रूढ केली, त्याआधी तसं वाजवणं आगाऊपणाच वाटे. सोविएत पियानोवादक रिश्टरनं उतारवयात अंधाऱ्या सभागृहात छोट्याशा दिव्याखाली पानं बघून वाजवलं.

पियानोवादक मारिया झुआओ पिरेसला एका खुल्या तालमीत ऑर्केस्ट्रानं मोत्सार्टचा डी मायनर कॉन्चेर्टो सुरू केल्यावर कळलं की आपण दुसऱ्याच कॉन्चेर्टोची तयारी करून आलो आहोत. चेहरा पडला, संचालक रिकार्दो शाय वाजवत ठेवूनच तिला धीर देत होते, आणि तिची पाळी आली तेव्हा ती सुरेख वाजवू लागली. ते चित्रीकरण बघताना मला दरवेळी भरून येतं.

स्पर्धा जिंकल्याशिवाय कारकीर्द होत नाही का?

स्पर्धेनं दार उघडतं. वॉर्सातली शोपँ स्पर्धा 1927 पासून आहे, साधारण दर पाच वर्षांनी होते, आणि पोलिनी, आर्गेरिच, झिमरमन ही नावं जगाला तिथून मिळाली. पण 1980 मध्ये ईव्हो पोगोरेलिच अंतिम फेरीआधीच बाद झाला, आर्गेरिचनं निषेध म्हणून परीक्षकपद सोडलं, आणि त्या वर्षी विजेत्याइतकीच त्याचीही चर्चा झाली. त्या वर्षीचा विजेता डांग थाय सॉन हा फार मोठा कलावंत आहे, हे त्या गदारोळात अनेकांच्या लक्षातच आलं नाही याची मला खंत वाटते.

माझा अनुभव असा की स्पर्धेमुळे रचना तयार होतात, पण चुका न करण्याची चटक लागते. त्यातून बाहेर यायला मला दोन वर्षं लागली.

संधी मिळते तरी कशी?

पुष्कळदा कुणाच्या तरी आजारपणातून. 1963 मध्ये ग्लेन गुल्ड आजारी पडला आणि सोळा वर्षांच्या आंद्रे वॉट्सनं बर्नस्टाइनच्या संचालनाखाली न्यू यॉर्क फिलहार्मोनिकबरोबर लिस्टचा पहिला कॉन्चेर्टो वाजवला. 36 वर्षांनी त्याच वॉट्सला येता आलं नाही, तेव्हा त्याच्या जागी सतरा वर्षांचा लांग लांग शिकागो सिंफनीबरोबर चायकोव्हस्की वाजवून गेला. दोघांची तयारी आधीपासून होती, हे विसरू नका. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, दोन पूर्ण एकल कार्यक्रम आणि पाच-सहा कॉन्चेर्टो असे ठेवा की आठवड्याच्या सूचनेवर उभे राहतील.

एकल वादनावरच पोट भरणारे फार थोडे. बहुतेक जण शिकवतात, गायकांना साथ करतात, त्रिकूट-चौकडीत वाजवतात. साथ करणं दुय्यम समजू नका. गायकाबरोबर वाजवताना मला कळलं की वाक्याला श्वास लागतो, आणि माझ्या एकल वादनात त्याआधी तो नव्हता.

उशिरा सुरुवात केली तर?

पोलिश पियानोवादक पाडेरेव्स्की 24 व्या वर्षी व्हिएन्नाला नामवंत शिक्षक लेशेटित्स्कीकडे शिकायला गेला. रिश्टर 22 व्या वर्षी मॉस्कोत न्यूहाउस या शिक्षकाकडे आला, तोवर बराचसा स्वतःच शिकलेला. ते तोवर पियानोवर वाढलेले होते, हे खरं. तिसाव्या-चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पट्टीला हात लावणाऱ्याला ‘स्कार्बो’ बहुधा येणार नाही. बाखची इन्व्हेन्शन्स आणि शूमानचे छोटे तुकडे येतील, आणि त्यांत आयुष्य सहज सरेल इतकं संगीत आहे.

दरवेळी अनोळखी पियानोवर कसं वाजवता?

व्हायोलिनवादक आपलं वाद्य काखेत घेऊन येतो. आमचं वाद्य पावणेतीन मीटर लांब आणि जवळपास 500 किलो वजनाचं. होरोविट्झ आपला पियानो बरोबर नेत असे, झिमरमनही नेतो. बाकीच्यांनी जे मिळेल त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

तालमीला मला शक्य असेल तर पहिला अर्धा तास एकटीला लागतो. आधी बैठकीची उंची. मग सगळ्या पट्ट्या खालून वर हळू वाजवत जाते, एखादी जड किंवा कर्कश असेल तर ती मनात टिपून ठेवते आणि ट्यूनिंगवाल्या कारागिराला दाखवते. हातोडीचा नमदा कडक झाला असेल तर तो सुईनं टोचून थोडा मऊ करून देतो. मग पेडल कुठे धरायला लागतं ते बघते. सगळं झाल्यावर मधल्या सप्तकातली एक पट्टी वाजवते, हात मांडीवर घेते, आणि तो सूर रिकाम्या सभागृहात कुठवर जातो, मागच्या रांगेपाशी कसा विरतो, ते संपेपर्यंत ऐकत बसते. त्या संध्याकाळी किती सावकाश वाजवायचं ते तिथे ठरतं.